चिमीचा पासपोर्ट होत नाही

आई,

औषध घेऊन तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. खरं सांगायचं तर तोंडावर सांगायचा धीरच झाला नाही. चिमीचा पासपोर्ट होत नाही. चिमी राहते त्या देशातल्या आपल्या एम्बसीतल्या बाईंनी आज फोनवर स्पष्टच सांगितलं, आई वारली असली तरी बाप आहे, त्याच्या सहीशिवाय पोरीला तिथून हलवता येणार नाही.

मग भावोजींना फोन लावला. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. पण ते म्हणाले, "तुझी ताई गेली, आता पोरगीही नेता? मग मी घरी यायचं कुणासाठी?" आणि ढसाढसा रडायलाच लागले. सही ते करणार नाहीत, आणि पुन्हा मागायला माझी जीभ रेटणार नाही.

मी कामावर जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. चिमीसाठी रिकामं केलेलं कपाट एकटीनं भरत बसू नकोस.

ती शाळेतून आली की फोन करेल. भावोजी कामावरून येईपर्यंत ती त्यांच्या तिथल्या खोलीत आतून कडी लावून एकटीच असते. "लवकरच येशील हं" असं आता म्हणू नकोस. रडूही नकोस, ती लगेच ओळखते. धडा वाचून घे, मैत्रिणीशी भांडली असेल तर ते ऐक. कधी येऊ, असं विचारलंच तर "मावशीला विचार" म्हण, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे. आणि बाबा आले असं ती सांगेपर्यंत फोन ठेवू नकोस.

धाकटी