नऊ चाळीसची नोंद

प्रिय फर्गस,

चार दिवस हे पत्र लिहायला बसतेय आणि उठून चहा करतेय. परवा बाजारात तुझी आई भेटली. म्हणाली, तो सफरचंदांच्या गोदामात लागलाय, कॉम्प्युटरला शिवतसुद्धा नाही, म्हणतो माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

ऑफिसचं सांगते. आपल्या बोटींच्या तिकिटांचे चौदा सर्व्हर आहेत ना, त्यांचे सगळे लॉग, कुठली आज्ञा कधी चालली त्याच्या नोंदी, आता एकाच जागी दिसतात. तो नवा सर्व्हर मी उभा केला, कंटेनरमध्ये, म्हणजे उचलून कुठेही ठेवावा असा. हाताने काहीच बसवलं नाही. एक फाईल लिहिली, एक आज्ञा दिली आणि चौदाही आपोआप जोडले गेले. नेरिडा बघून म्हणाली, "अगं, मग आता तुला पगार कशाचा द्यायचा?" साहेबीण झाली तरी जीभ तीच.

गेल्या गुड फ्रायडेला सकाळी दहाला तिकिटं बंद पडली, तीही अशाच एका आज्ञेने. चाचणीच्या एका सर्व्हरवर चालवायची ती चौदांवर चालली. लॉगिन आपल्या सगळ्यांचं एकच, त्यामुळे पुरावा फक्त वेळेचा: गुरुवार, रात्री दहा चाळीस. पाळी तुझी. रात्रीची चूक सकाळी उगवली, असं मीटिंगमध्ये मीच म्हणाले. तू म्हणालास, "लॉग सांगतोय तर मीच असेन." सर्व्हर पाडणाऱ्याने केक आणायचा ही आपली रीत, म्हणून मंगळवारी तू केक आणलास आणि मी दोन तुकडे खाल्ले. महिन्याभरात तुझा करार संपवला.

नव्या सर्व्हरमध्ये मी जुने लॉगही भरले. जुनी यंत्रं ग्रिनिचची वेळ लिहीत होती, तेव्हाच्या होबार्टच्या वेळेपेक्षा अकरा तास मागची, आणि आपण ती इथली समजून वाचली. नव्या सर्व्हरने ती आपोआप बदलून दाखवली. तुझी ती ओळ आता शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला दिसते.

त्या सकाळची पाळी माझी होती. चाचणीच्या सर्व्हरचं नाव घालायला विसरले की काय, अशी शंका मला त्याच दिवशी आली होती. तुझं नाव निघालं, मी सुटले, आणि गप्प बसले. काल नेरिडाला सगळं सांगितलं; ती तुला लिहीलच. पण हे तुला आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. क्षमा मागायला तोंड नाही. एवढंच ऐक: ती आज्ञा दिली गेली, तेव्हा तू घरी झोपला होतास.

अजूनही स्वतःला तुझी मैत्रीण म्हणवणारी,
ब्रॉन्विन