प्लायवूडची आंघोळ

आई, तू पाण्याच्या रांगेत उभी राहून बोललेल्या एका वाक्याबद्दल माझ्यावर खटला भरलाय. तुझ्यावर भरता येत नाही, म्हणून माझ्यावर, असं समज. उद्या सकाळी कोर्टात जायचंय. तिथे माफीच्या कागदावर सही केली की तक्रार मागे घेणार आहेत आणि माझी नोकरीही वाचेल, असं सगळे म्हणतात. मी सही करणार नाहीये. का करणार नाही, ते घरात सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आता तुला सांगते. वाक्य तुझं आहे, तेव्हा तुला ऐकून घ्यायला हवं.

पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टर्समधला तो उन्हाळा तुला आठवत असेलच. नळ कोरडे ठणठणीत, आणि टँकर येणार म्हणून आपण सकाळपासून रस्त्यावर. सगळ्या बायकांच्या कमरेवर प्लास्टिकच्या रंगीबेरंगी घागरी, आपले कुडम, तुझा हिरवा. गल्लीच्या तोंडाशी एका पुढाऱ्याचं दोन मजली कटआउट उभं आहे, हात जोडून, दात दाखवून. नेमका त्याचा वाढदिवस. एक माणूस शिडीवर चढून त्याच्या डोक्यावर दुधाच्या पिशव्या रिकाम्या करतोय, खाली ढोल बडवताहेत. टँकरचा पत्ता नाही. तू बराच वेळ मान वर करून बघत राहिलीस. मग तमिळमध्ये, शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "अय्यो, मलाही प्लायवूडची करून इथे उभी करा ग कुणीतरी. निदान आंघोळ तरी होईल."

रांगेत हशा पिकला. शिडीवरचा माणूस तर इतका हसला की त्याच्या हातातलं दूध पुढाऱ्याऐवजी ढोलवाल्याच्या डोक्यावर पडलं, आणि तोही हसत सुटला. मी तेवढी उशिरा हसले. मला विनोद कायम उशिरा कळायचे. तू म्हणायचीस, ही अगदी बापावर गेलीये, हिला हसवायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो.

बाबांच्या कानावर ते संध्याकाळच्या आत गेलं. तू स्वयंपाकघरात डांगर पचडी कालवत होतीस आणि बाबा दारात उभे. ते सांगलीकडचे, मोजूनमापून बोलणारे. तू तंजावरकडच्या घरातली, तुझ्या मराठीत निम्मं तमिळ आणि निम्मी थट्टा. "मी सरकारी नोकर आहे. उद्या कुणी वर तक्रार केली म्हणजे? तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?" तू दह्यात हात घालून कालवतच राहिलीस. शेवटी बाबांनी फर्मान काढलं, की सकाळी पक्षाच्या वॉर्ड सेक्रेटरीकडे जायचं आणि चुकलं म्हणायचं. "सरि," तू म्हणालीस. एवढ्या पटकन तू कबूल झालीस तेव्हाच त्यांनी ओळखायला हवं होतं.

सकाळी तू ठसठशीत कुंकू लावलंस, कुडम कमरेवर घेतलास आणि मला बरोबर घेऊन निघालीस. कुडम कशाला, असं बाबांनी विचारलं, तर म्हणालीस, वाटेत टँकर दिसला तर? सेक्रेटरी ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होता. तू समोर जाऊन उभी राहिलीस. "अण्णा, काल मी आंघोळीबद्दल काहीतरी बोलले. ते राहू दे. घरात प्यायला थेंब नाही, तुमच्या टाकीत आहे का?" त्याने पेपर खाली ठेवला. मग त्याने आतल्या माणसाला हाक मारली आणि कुडम भरून दिला. घरी येऊन तू तो बाबांच्या पुढ्यात ठेवलास. "माफीचं राहूनच गेलं बघा," म्हणालीस आणि चहा टाकायला गेलीस.  बाबांनी आंघोळ मात्र त्याच पाण्याने केली.

आता माझं ऐक. तुझ्या वेळी रांगेत बोललेलं रांगेत जिरायचं. आता इंटरनेट म्हणून एक प्रकार आलाय. त्यावर आपलं पान उघडायचं आणि तिथे लिहिलेलं कुणीही, कुठेही बसून वाचू शकतं. माझ्या लेकीने मलाही एक पान उघडून दिलं, वर माझा फोटो लावून. या उन्हाळ्यात नुंगंबाक्कमला कचेरीत जाताना बघते तर तोच देखावा. टँकरची रांग, प्लायवूडचा पुढारी आणि त्याच्यावर दूध. कोणता पुढारी ते लिहीत नाही, एक खटला मला पुरे आहे. मी मोबाइलवर फोटो काढला आणि त्याखाली तुझं वाक्य जसंच्या तसं तमिळमध्ये टाकलं. दुपारपर्यंत ते कुठल्या कुठे गेलं. मी न पाहिलेले लोक मला शाबासकी देत होते, आणि न पाहिलेलेच काही लोक माझ्या घरादाराचा उद्धार करत होते. त्यांच्यातल्या एकाने पोलिसांत तक्रार दिली, की या बाईने आमच्या नेत्याची विटंबना केली.

स्टेशनात मला दिवसभर बाकावर बसवलं. मोबाइल काढून घेतला. इन्स्पेक्टर वयाने माझ्याहून लहान, पण आवाज चढवून बोलणारा. "तुम्ही नेत्यांना प्लायवूड म्हणालात?" मी म्हटलं, "नाही साहेब, कटआउट प्लायवूडचं आहे. नेत्यांना मी काहीच म्हटलं नाही. प्लायवूड मलाच व्हायचंय." पलीकडे लिहून घेणाऱ्या महिला पोलिसाने चटकन मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. इन्स्पेक्टरने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मला विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? मूळ कुणाचं आहे?" मी म्हटलं, माझं. त्याने तसंच लिहून घ्यायला लावलं.

भीती वाटली नाही असं नाही. त्या रात्री दाराची कडी मी तीनदा उठून तपासली. कचेरीने निलंबनाचा कागद हातात दिला. शिक्षा झाली तर तुरुंग, आणि इतक्या वर्षांची नोकरी आणि पेन्शन गेलंच. आमचे हे अगदी बाबांसारखे दारात उभे राहून म्हणतात, "अगं, तीन ओळी खरडून दे. काय जातं तुझं?" काय जातं? मी काही खोटं बोलले नाही, कुणाला शिवी दिली नाही. रस्त्यात पाण्यासाठी बायका ताटकळताहेत आणि पक्षाची माणसं लाकडाच्या फळीला दुधाने न्हाऊ घालताहेत, यात लाज वाटायची तर ती मला का वाटावी? मी माफी मागितली की त्या रांगेतल्या प्रत्येक बाईचं हसणं गुन्हा ठरतं. तुझंही. ज्यांचं मन एका आंघोळीच्या वाक्याने दुखावतं, त्यांना मी भीक घालत नाही.

आमचे वकील अड्यारला राहतात. म्हातारे, सज्जन, फी सांगताना लाजणारे. परवा त्यांच्याशी बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की वाक्य मुळात आईचं. ते खुर्चीत ताठ बसले. "अम्मा, हे आधी सांगायचं ना. आई हयात आहेत?" मी नाही म्हटलं, तर त्यांचा चेहरा उजळला. "मग झालं तर. जुनं, घरगुती बोलणं, तुम्ही नुसतं आठवण म्हणून लिहिलंत, द्वेष नाही, हेतू नाही. मेलेल्या माणसाला कोण काय करणार? सगळं त्यांच्यावर टाका आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, विचार करते. जिना उतरेपर्यंत विचार झाला होता. खाली येऊन त्यांना फोन केला आणि सांगितलं, की आईचं नाव कुठे घ्यायचं नाही. वाक्य माझं आहे आणि ते मी मागे घेत नाही. ते मोठा उसासा टाकून म्हणाले, "मग लढू या."

तर उद्या मी जाणार. तुझ्यासारखं ठसठशीत कुंकू लावून जाणार. न्यायाधीशांनी विचारलं तर वाक्य पुन्हा म्हणून दाखवीन, नीट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. हे पत्र मात्र सकाळी निघण्याआधी फाडून टाकते. वकिलांच्या हाती लागलं तर ते मला वाचवायला म्हणून कोर्टात दाखवतील.

आणि एक गोष्ट, फक्त तुला. घरात सगळ्यांना वाटतं मी तुझं नाव जपतेय. तेही खरं आहे, पण तेवढंच नाही. परवा बसमध्ये एक अनोळखी बाई माझ्याकडे बघत बघत जवळ आली आणि म्हणाली, ते प्लायवूडचं बोलणाऱ्या तुम्हीच ना? आणि खळखळून हसली. आई, मला आजवर कुणी विनोदी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणाले.