कॅनरीची मादी गाऊ लागली तेव्हा

प्रिय ताई,

आधी पाणी पी, मग वाच.

काळजी तुझ्या त्या नव्या गोळ्यांची आहे. त्यांनी तुझं दर महिन्याचं पोटातलं दुखणं थांबलं, उशी कवटाळून कण्हणं संपलं, याचा मला केवढा आनंद झाला होता! पण मागच्या आठवड्यात तू गोळीचं नाव सांगितलंस आणि माझ्या जिवाला घोर लागला. ती पुरुषी हार्मोनच्या जातकुळीतली आहे, आणि तू गाणारी बाई आहेस.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस. मला चिमण्यांची दाई म्हणून चिडवतेस आणि विषय संपवतेस. तर ऐक. कॅनरी पक्ष्यांत नर गातो, मादी सहसा गात नाही. आम्ही काही माद्यांना नराचं हार्मोन दिलं. त्यातली आमची ठमाकाकू, दाणे खाऊन डुलक्या काढणारी महाआळशी, काही आठवड्यांत नरासारख्या ताना घ्यायला लागली! तिच्या मेंदूतला गाण्याचा भाग वाढला, गळ्यातले स्नायू बदलले. आम्ही पिंजऱ्याभोवती खुळ्यासारखे उभे, आणि सरांनी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला. हार्मोन बंद केलं की तिचं गाणं सरतं. बाईचा आवाज मात्र एकदा जाड झाला की परत येईलच असं नाही, असं मी वाचलंय. पक्ष्याचं माणसाला जसंच्या तसं लावू नये, हे मीच विद्यार्थ्यांना बजावत असते. स्वतःला मात्र पटवता येत नाहीये.

तुझ्या मैफलीपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं. आमच्याकडे पक्षी पकडला की तपासणीसाठी रक्त लगेच घ्यावं लागतं. हातात आल्याबरोबर त्याच्या अंगात भीतीचं हार्मोन चढायला लागतं, आणि उशीर झाला तर रक्तातले आकडे पक्ष्याचे नाही, आमच्या मुठीच्या भीतीचे येतात. घाबरलेला नर तर कितीतरी वेळ चोच उघडत नाही. मैफल तोंडावर आलेली असताना मला तुला असं मुठीत धरायचं नव्हतं.

पण आता राहवत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना आजच्या आज विचार, मैफलीनंतर नको. दुसरी औषधं असतात गं. दुखणं उलटलंच तर मी रजा टाकून येईन, तुझे पाय चेपत बसेन, तुझ्या शिव्याही खाईन.

हे फोनवर का नाही सांगितलं, असं म्हणशील. काल केला होता की फोन. तू उचललास, आणि मी बोलून गेले, भाऊजी, जरा ताईला द्या. तू हसलीस, सर्दी झालीये म्हणालीस. मीही हसले आणि काहीतरी कारण काढून फोन ठेवला. तुझा सर्दीतला आवाज मी लहानपणापासून ओळखते, ताई.

तुझीच,
भित्री भागूबाई