बिकट वापराचा रकाना

पेल्की, मिशिगन
८ फेब्रुवारी १९८७

ती. आर्विडदादास,
लेम्पीचा स. न. वि. वि.

नाताळानंतर तुझं पत्र नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. तिकडे फ्लोरिडात तू समुद्रावर पाय पसरून बसला असशील. इथे बर्फ खिडकीला टेकलंय आणि लाकूडतोड जोरात आहे. रोज पहाटे जंगलात शिरायचं, ओंडके भरायचे, गिरणीत रिकामे करायचे आणि परत जंगलात. अंतर फार नाही, पण दिवस सरतो.

रेइनो गेला आणि तू तुझा ट्रक मला देऊन टाकलास, तेव्हा अख्ख्या गावाने नाकं मुरडली होती. नवऱ्यामागे बाई ओंडके ओढणार म्हणे! आता तेच लोक वाटेत भेटले की हात करतात. मी गावच्या हॉलमध्ये कॉफी प्यायला बसले तर जागाही देतात.

लिहायचं कारण वेगळंच आहे. गेले काही दिवस स्टिअरिंग थरथरतंय. गाडी रिकामी असताना जरा वेग घेतला की हाताला झिणझिण्या येतात, आणि ती डावीकडे ओढते. भरून निघताना खालून एक ‘टक्’ असा आवाजही येतो. तू सांगितलंस तसं दर दहा हजार मैलांना मी ग्रीस मारते. शेवटचं ग्रीस बर्फ पडायच्या आधी मारलं होतं, आणि अजून तेवढे मैल झालेलेही नाहीत. मग हे काय असेल? घाबरू नकोस, तसं काही नाही. पण हा ट्रक बसला तर मला दुकानात पाव विकत बसावं लागेल, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. गिऱ्हाइकं पळतील.

सिल्वीवहिनीशिवाय हा पहिलाच नाताळ. कसा गेला, ते खरं लिही.

कळावे. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लेम्पी


लेक वर्थ, फ्लोरिडा
१९ फेब्रुवारी १९८७

चि. लेम्पीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गोड लागलं नाही. तो ट्रक मी शिकागोच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं चालवला. कागदाची रिळं भरून जायचो, पण स्टिअरिंग एकदाही हललं नाही. आता तुझ्याकडे दोन हिवाळे काढले आणि लगेच थरथरायला लागलं? लेम्पी, ग्रीस मारायचं राहिलं असेल तर राहिलं म्हण. रेइनोही असाच होता. ट्रकखाली शिरायचं म्हटलं की त्याची पाठ दुखायची, आणि मासे धरायला बर्फावर दिवसभर बसायचा तेव्हा मात्र ठणठणीत.

पुढचा आस जॅकवर घे आणि चाक वर-खाली हलवून बघ. चाक डुगडुगलं तर किंगपिन झिजली समज. किंगपिन म्हणजे ज्या खुंटीवर चाक वळतं ती. ती गेली तर चाक तुझं ऐकणार नाही. तसं निघालं तर वसंतात ट्रक विकून टाक. लान्स गावच्या एका माणसाने मला दोनदा पत्र लिहून विचारलंय, आणि मी त्याला हो म्हणणार आहे. बहिणीला पुरायला मला उत्तरेला यायचं नाही.

माझं बरं आहे. शनिवारी इथल्या आपल्या लोकांच्या हॉलमध्ये सॉनाची वाफ घ्यायला आणि नाचायला जायचो, ते सध्या बंद केलंय, गर्दी फार असते. परवा अंघोळीच्या पायरीवर जरा घसरलो, पण तसं काही नाही. डब्यातलं सूप वाईट नसतं. उभ्याउभ्याच पिता येतं, भांडी पडत नाहीत. नाताळ आला तसा गेला.

कळावे. राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्र पाठवत जा.

तुझा,
आर्विड


पेल्की
१५ मार्च १९८७

ती. दादास,
स. न. वि. वि.

राग मानला. तो ओसरेपर्यंत पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उशीर झाला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ट्रक उभा केला. चाक हलवलं, ते सैल दातासारखं हललं. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, तोही पाहिला. त्याच्या टोपणांभोवती तांबडी भुकटी साचली होती. ग्रीस कधीच वाळून गेलं होतं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांचंही तेच. मला रडू आलं, कारण मी एकदाही चुकवलं नव्हतं. रेइनोला मध्ये आणलंस तेही लागलं. तो आळशी होता, पण ते मी म्हणायचं, तू नाही.

मग गाडीचं पुस्तक काढलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पहिल्या पानापासून वाचलं. दादा, ग्रीसच्या तक्त्यात दोन रकाने आहेत. एक महामार्गाचा, तो तुझा. दहा हजार मैल तिथेच लिहिलेत. शेजारच्या रकान्यावर ‘बिकट वापर’ असं लिहिलंय, आणि त्यात मैल नाहीतच. तिथे लिहिलंय, दर आठवड्याला. स्टिअरिंग, पाटे, शाफ्ट, सगळं.

तो रकाना मी पहिल्या वर्षीही पाहिला होता. पाहिला आणि पुढे गेले. बिकट म्हणजे अलास्काच्या खाणी-बिणी असतील, आपलं काय, आपलं साधंच, असं वाटलं. खाली बारीक अक्षरात बिकट कशाला म्हणायचं तेही दिलंय: कच्चा रस्ता, पूर्ण ओझं, खड्डे, चिखल, बर्फ, कमी अंतर आणि सतत थांबणं. दादा, हा तर माझा रोजचा दिवस आहे. तुझ्या दहा हजारांवर विसंबून मी सबंध हिवाळा एकदाच मारलेल्या ग्रीसवर काढला. ट्रक तोच, पुस्तक तेच, रस्ता मात्र बदलला, आणि तो बिकट आहे हे म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आईचं आठवतं? मनगट मोडलं होतं तरी तिने दोन्ही वेळचं दूध काढलं. डॉक्टरने विचारलं तर म्हणाली, तसं काही नाही. तिचं दूधच प्यायलो आपण. मागच्या पत्रात मीही तेच लिहिलं. काय घडलं ते लिहिलं नाही. उतारावर गाडी एकाएकी डावीकडे गेली आणि समोरून शाळेची बस येत होती. बसवाल्याने वेळेवर बाजूला घेतली. मी पुढे जाऊन थांबले, आणि इंजिन बंद करून आतच बसून राहिले. हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

आता बर्फ वितळायला लागलंय आणि जड गाड्यांना रस्ते बंद झालेत. गावातले सगळे पुरुष आपापल्या ट्रकखाली आहेत, तशी मीही आहे. किंगपिना मागवल्या आहेत. ट्रक विकणार नाही. लान्सच्या माणसाला तसं कळव.

आणि दादा, नाच बंद, सॉना बंद, पाय घसरला, सूप उभ्याने. मैल तुझे फारसे होत नसतील. पण तू कुठल्या रकान्यात आहेस, ते जरा बारीक अक्षरं वाचून कळव.

कळावे. भांडले तरी बहीण तुझीच आहे.

लेम्पी


लेक वर्थ
९ एप्रिल १९८७

चि. लेम्पीस,
अ. उ. आ.

लान्सच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. रेइनोबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं. ट्रकच्या बाबतीत तुझं बरोबर, आणि मी सपाट रस्त्यावरचं शहाणपण तुझ्या गळ्यात बांधलं. त्या बसचं वाचल्यापासून डोळे मिटले की मला तो उतार दिसतो.

किंगपिना बसवल्यावर क्रॉसमध्ये ग्रीस भरताना घाई करू नकोस. चारही टोपणांतून नवं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तिसऱ्यावर माणूस कंटाळतो.

या पत्राचा उरलेला भाग मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. पहिल्यात लिहिलं होतं की रकाने ट्रकला असतात, माणसाला नसतात. विनोद बरा होता, पण पाकिटात घालवेना.

तर लिहितो. पायरीवर घसरलो ते जरा नव्हतं. दुपारपर्यंत तिथेच पडून होतो, आणि हाक मारायला घरात कोणी नव्हतं. हॉलमध्ये गर्दी नसते. तिथे सगळे जोडीने येतात, म्हणून जात नाही. सिल्वीची खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. कोणी विचारलं की बरं आहे म्हणतो, आणि दार लावून घेतो.

लेम्पी, इथे बिकट आहे. हा शब्द आपल्या घरात आजवर कोणी स्वतःसाठी लिहिला नसेल. लिहून झाल्यावर मी खुर्चीवर बसून जेवलो.

पुढच्या आठवड्यात बसने निघतो. मला आता ट्रकखाली शिरता येणार नाही, पण दिवा धरता येईल. चौथं टोपण मी येईपर्यंत राहू दे. आणि शनिवारी सॉना तापव.

कळावे. लोभ आहेच, तो आता टपालाने पाठवायला नको.

तुझा,
आर्विड