केवळाबाई उभी होती ती जागा

मी, शिवम्मा भ्रतार गुरुपादप्पा हालकुडे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे लिंबखडी, तालुका औसा, जिल्हा लातूर, माझ्या पाठीमागे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलेला कागद टिकत नाही असे माझा मुलगा संगमेश म्हणतो. त्याच्यासाठी लिहिते की हा राग दहा वर्षांचा आहे, आणि दहा वर्षे टिकलेल्या रागाला कोणी रागाचा भर म्हणत नाही.

१. राहते घर आणि साडेतीन एकर शेत विहिरीसकट संगमेशला द्यावे. शेत त्याच्या वडिलांचे होते, ते त्याला जाणे बरोबरच आहे, शिवाय आईने उघड्यावर टाकले म्हणून लातूरभर रडत फिरायला त्याला जागा राहू नये. सून अंबिका हिला घरातली सगळी भांडी, एक पितळी घागर सोडून; तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे. अंबिकाने मला कधी शिळे वाढले नाही. हे तिच्या तोंडावर बोलायचे राहून गेले.

२. बोरमाळ नात सुकन्या हिला. लग्नाची वाट न बघता घालावी.

३. आता मैदान. गावाच्या पूर्वेला, रस्त्याला लागून, गट क्रमांक ११४ मधले अकरा गुंठे. माझे वडील बसवंतप्पा यांनी ही जागा मला चोळी-बांगडीला दिली. सातबाऱ्यावर माझे एकटीचे नाव आहे, दुसऱ्या कोणाचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही. गावातली सगळ्यांत उंच जागा हीच. नागपंचमीला बायका इथे फेर धरतात. हातात हात घालून गोल फिरायचे, एकीने गाणे उचलायचे, बाकीच्यांनी झेलायचे. पस्तीस वर्षे मी या फेराची म्होरकी होते.

पण गाणे मी उचलत नव्हते. ते उचलायची खालच्या वस्तीतली केवळाबाई. साठ-सत्तर गाणी तिला तोंडपाठ. मात्र ती फेरात नसायची. मैदानाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला एक बाभूळ होती, तिच्याखाली तिने उभे राहायचे आणि तिथून गायचे. गाणे तिचे, फेर आमचा. माझ्या आईच्या वेळी असेच होते, म्हणून मीही तसेच चालवले. आम्ही गळ्यात इष्टलिंग बांधणारी माणसे. माणसामाणसांत भेद नाही हे लहानपणापासून ऐकत आले, आणि पाण्याचा पेला मात्र वेगळा ठेवत आले.

दोन हजार पंधराला श्रावण कोरडा गेला. पंचमी आली तरी जमिनीत ओल नव्हती. गावाला दिवसाआड दोन टँकर येत, एक वरच्या गल्लीला आणि एक खालच्या वस्तीला. त्याच वर्षी गावचे पुढारी गुरुबसप्पा यांनी लोककला महोत्सव आणला. लातूरहून परीक्षक येणार होते आणि मैदानावर तर धुरळा उडत होता. मी टँकरवाल्या रेवणप्पाला सांगितले, "खालचा टँकर आधी इथं सोड. सडा होऊ दे."

केवळाबाई सकाळपासून घागर घेऊन उभी होती. म्हणाली, "आक्का, येक घागर भरू द्या की. गाणं कुठं पळून चाललंय व्हय?"

मी म्हणाले, "मागून भर गं. परीक्षक यायलेत."

आख्खा टँकर मातीत गेला. धुरळा बसला. केवळाबाई दोन तास उन्हात गायली. सातव्या गाण्याला तिचा आवाज बसला, मग ती बसली, मग आडवी झाली. फेराच्या मध्ये आमचा माठ होता आणि त्यावर आमचा पेला. तिच्यासाठी दुसरा पेला आणायला कोणीतरी घराकडे पळाले. मी माठापाशीच उभी होते. पेल्यावर माझा हात होता. मी तो उचलला नाही.

केवळाबाई तिसऱ्या दिवशी गेली. "वय झालं होतं," गुरुबसप्पा म्हणाले. बासष्टाव्या वर्षी वय होते? माझ्याहून एका वर्षाने मोठी होती. आमच्या फेराचा पहिला नंबर आला.

४. त्या पहिल्या नंबराची ढाल गुरुबसप्पांना द्यावी. त्यांच्या बैठकीत ती शोभेल. यांनीच पुढे आमच्या बायकांना नांदेडला विष्णुपुरी धरणाजवळच्या एका कार्यक्रमात 'पाणी वाचवा' म्हणून नाचायला नेले होते. केवळाबाईची लेक तनुजा हिलाही बोलावणे होते, मागच्या रांगेत. ती म्हणाली, "फेरात घेताव का? तर येते. कडंला उभं राहायला मला येळ न्हाई." गेली नाही. पाणी कसे वाचवावे हे तिच्या वस्तीला शिकवायला निघालेल्या माणसांच्या तोंडावर एवढेच उत्तर मारायला हवे होते, आणि मी त्या वेळी मान खाली घालून बसमध्ये चढले. तोही राग या कागदात धरावा. तो माझ्यावरचा आहे.

५. पितळी घागर केवळाबाईची आहे. त्या दिवशी ती बाभळीखाली कोरडी पडून राहिली. मी घरी आणली, आणि परत द्यायला तोंड नव्हते म्हणून दहा वर्षे ठेवून घेतली. ती तनुजाला द्यावी. रिकामी देऊ नये. माझ्या विहिरीचे पाणी भरून, संगमेशने स्वतःच्या खांद्यावर घेऊन, भर दिवसा खालच्या वस्तीत नेऊन द्यावी. हे होईपर्यंत कलम १ मधले घर आणि शेत त्याच्या नावावर करू नये.

६. मागच्या भादव्यात उलटे झाले. वर्षाचा पाऊस चार दिवसांत पडला. आभाळ सगळ्यांवर सारखेच फाटले, असे भाषण गुरुबसप्पांनी केले. फाटले असेल सारखे, पण पाणी कोणाच्या चुलीत शिरले? टँकर शेवटी पोचायचा तिथेच पूर पहिल्यांदा पोचला. खालची वस्ती लेकराबाळांसह माझ्या मैदानावर येऊन बसली. लातूरहून संगमेशचा फोन आला, "अव्वा, त्यांला तिथं बसू देऊ नको. येकदा बसले की उठायचे न्हाईत." त्याला तिथे बोअर पाडून जारच्या पाण्याचा धंदा काढायचा आहे. ज्या मातीत त्यांचे पाणी ओतले, त्याच मातीतले पाणी काढून त्यांनाच विकायचे. माझ्या पोटी जन्मलेल्या पोराला हे सुचते याची मला शरम वाटते.

लोक नऊ दिवस राहिले. तिसऱ्या संध्याकाळी लेकरे रडायची थांबेनात, तेव्हा तनुजाने तिच्या आईचे गाणे उचलले. बायका ओल्या लुगड्यांनी उठल्या आणि चिखलात फेर धरला. मी कडेला उभी होते. फेर माझ्यापाशी आला तेव्हा तनुजा म्हणाली, "आक्का, हात द्या."

पस्तीस वर्षे मी फेर धरला. केवळाबाईचा हात एकदाही धरला नव्हता.

म्हणून हे अकरा गुंठे मी तनुजा किशनराव सूर्यवंशी हिला देत आहे. तिने ते विकू नयेत आणि तिथे बोअर पाडू नये. पुरात, उन्हाळ्यात, ज्याला गरज पडेल त्याला तिथे बसता यावे. पंचमीला फेर एकच धरावा. गावातल्या ज्या बाईला तनुजाच्या वस्तीच्या बाईचा हात धरायचा नसेल, तिने आपल्या अंगणात खुशाल गरगर फिरावे. माठ एक, पेला एक. कडेला कोणी उभे राहायचे नाही.

७. शेवटचे. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. मला नवऱ्याशेजारी शेतात पुरू नये. मैदानाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला, जिथे बाभूळ होती तिथे पुरावे. संगमेशने जारच्या कारखान्याचे फाटक तिथेच आखले आहे. आईच्या समाधीवरून जारची गाडी न्यायची हिंमत त्याच्यात आहे का, ते गावाने बघावे. चौथरा बांधू नये, नाव लिहू नये. माझे तोंड मैदानाकडे करून बसवावे. फेर चालू असेल तेव्हा कडेला मी असेन, दुसरे कोणी नको.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम निवृत्त शिक्षक रामलिंग गुरुजी यांच्याकडे दिले आहे. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवले. काही शब्द मऊ करू का, असे विचारले. मी नको म्हणाले.

ठिकाण : लिंबखडी
दिनांक : १२ जानेवारी २०२६

सही : शिवम्मा गुरुपादप्पा हालकुडे

साक्षीदार :

१. रामलिंग शिवप्पा बिराजदार, निवृत्त शिक्षक. शिवम्माबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. रेवणप्पा मल्लप्पा कोरे, टँकरचालक. माझ्यासमोर सही केली. कलम ३ मधी लिहिलेलं खरं हाय. त्या दिवशी टँकरचा कॉक मीच सोडला. मलाबी न्हाई म्हणता आलं असतं.