स्टाथिसच्या डावीकडची जागा

रविवार, १८ मे

गेली! माझी जागा गेली.

आमच्या प्राचीन ग्रीक सैनिकांची सोंगं घेणाऱ्या पथकाच्या सरावाला आज आर्गिरिस नावाचा नवा प्राणी आला. जिम चालवतो म्हणे. अंगात काशाचं चिलखत, छातीवर स्नायू घडवलेले — आणि आतले खरे स्नायूही तसेच, हे जास्त वाईट! नवरी बघायला आल्यासारखे सगळे भोवती जमले. आमचा नायक स्टाथिस म्हणाला, "आर्गिरिस, तू माझ्या डावीकडे उभा राहा."

डावीकडे! तिथं मी असतो. पथक सुरू झालं तेव्हापासून. आमच्या रांगेत प्रत्येकाची ढाल निम्मी स्वतःला झाकते आणि निम्मी डावीकडच्याला. उजव्या टोकाला स्टाथिस. ती मानाची जागा, कारण त्याची उजवी बाजू कुणीच झाकत नाही. आणि त्याच्या ढालीच्या आडोशाला मी. आता तिथं तो पैलवान.

"आणि मी?"

"तुझं सांगतो नंतर, थेमिस."

नंतर!

मंगळवार, २० मे

स्टाथिस दुकानावरून गेला. आत डोकावलासुद्धा नाही. पूर्वी माझ्याकडची कॉफी प्यायल्याशिवाय हलायचा नाही.

शनिवार, ३१ मे

बंदरावर सगळे त्सिपुरो प्यायला बसलो. मी स्टाथिसच्या उजव्या हाताला, तो आर्गिरिस समोर. मी पेला पुढे केला तर स्टाथिसनं अर्धी दारू टेबलावर ओतली, तळलेल्या माशांवर! लक्षच नाही. सगळं चित्त समोरच्या चकचकीत पोराकडे. मी दोनदा काहीतरी बोललो, मान वळवली नाही.

जळफळाट होतो. इथं लिहायला काय लाज.

दोष माझ्या चिलखताचा असणार. लिननचं आहे. थरावर थर, सशाच्या कातड्याचा सरस लावून स्टाथिसनं आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात चिकटवलेलं. त्या वासानं माझी बायको फोटिनी आठवडाभर माहेरी जाऊन राहिली होती. आता खांद्यावर पापुद्रे सुटलेत. काशापुढे ते पोतंच दिसतं.

ठरलं. नवं घ्यायचं.

बुधवार, ४ जून

अथेन्सच्या कारखान्यात जाऊन आलो. बाई विचारत होत्या, "साधं घंटेच्या आकाराचं की स्नायूंचं? शिरस्त्राण उघडं की बंद? बंद असलं की ऐकू कमी येतं हं." मनात म्हटलं, आर्गिरिसपेक्षा भारी असेल ते. तोंडानं म्हटलं, "स्नायूंचं. बंद. आणि लाल तुरा."

मापं फोटिनीनं घरी घेतली. मी पोट आत ओढून उभा.

"श्वास सोड, थेमिस."

"सोडलाय."

"मग बोलतोयस असा का, गळा दाबल्यासारखा?"

नाही सोडला. तेच माप पाठवलं.

रविवार, २२ जून

सराव. मला दुसऱ्या रांगेत घातलंय, "तात्पुरतं." आर्गिरिसच्या मागे! दोन तास त्याची पाठ बघितली. ढाल चुकीची धरतो, स्टाथिस त्याला प्रेमानं सुधारतो. मला तर आयुष्यात कधी प्रेमानं सुधारलं नाही. ओरडायचा.

मंगळवार, ८ जुलै

चिलखत आलं. सोन्यासारखं! कुशीतल्या बिजागऱ्या लावायला घेतल्या — पुढचा पत्रा आणि मागचा पत्रा एकमेकांना भेटेनात. चार बोटं पोट मधे. फोटिनी खुर्चीत बसून रडेपर्यंत हसली. "आता सोडलास ना श्वास!"

रविवारी लोकांसमोर आमच्या पथकाचा सोहळा. म्हणजे ते पोतंच घालायचं. त्या आर्गिरिससमोर.

शनिवार, १२ जुलै

स्टाथिसनं रांग जाहीर केली. "थेमिस, तू माझ्या उजवीकडे. टोकाला."

नायकाच्या उजवीकडे? ती त्याची स्वतःची जागा! आर्गिरिसनं माझी पाठ थोपटली. हात झटकला मी. फोटिनीनं चिलखताचा किस्सा सांगितला असणार, म्हणून ही दया. तोंडावर म्हणालो, "मला भीक नको."

"उद्या लवकर ये," स्टाथिस एवढंच म्हणाला.

रविवार, १३ जुलै

गेलो लवकर. स्टाथिस माझ्या लिननच्या चिलखताच्या नाड्या बांधत होता. हात चाचपडत होते. म्हणाला, "उजवा डोळा गेलाय, थेमिस. हिवाळ्यापासून. तुझ्या दुकानात पाऊल टाकलं असतं तर तू तिथंच ओळखलं असतंस, आणि ढाल काढून घेतली असतीस. नवशिक्याला दिसत्या बाजूला ठेवलंय, लक्ष ठेवायला. न दिसणाऱ्या बाजूला कोणाला ठेवू, गाढवा?"

उभा राहिलो. माझ्या ढालीचा निम्मा भाग त्याच्यावर.

आणि मी चष्मे विकतो!