घडा फुटल्यानंतरची मिळकत

धप्. आणि मग खळळ. आधी एक जड अक्षर, मागून पाण्याची हलकी हलकी पुष्कळ. वडिलांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली, तेव्हापासून कोणताही आवाज कानावर पडला की मी लघुगुरू मोजू लागतो. हा आवाज मी १९४१ साली राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, समोरच्या घराच्या खांबाआड उभा राहून ऐकला. तो कोणत्याही वृत्तात बसला नाही. तो माझ्या मरणाचा आवाज होता. सबब, पुढील मजकूर लिहिणारा इसम जिवंत आहे की नाही याबद्दल दोन मते आहेत, हे आरंभीच नमूद करतो.

मी, गुरुराज देवसहायम्, जन्माचे नाव गुरुराज व्यंकटराव, वय पंचाहत्तर, निवृत्त भाषाशिक्षक, राहणार तंजावूर, खंदकाजवळच्या माझ्या घरात, देहाने गुडघे सोडून बरा, मनाने पूर्ण शुद्धीवर, हे लिहून ठेवतो. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. खरे सांगायचे तर कोणी विचारायलाही आलेले नाही. १९८४ साली केलेले माझे मृत्युपत्र आज रद्द करतो. त्यातल्या एका वाक्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही, त्याबद्दल सातव्या कलमात.

समोर वकिलांचे गुमास्ते वैद्यनाथ बसले आहेत. ते म्हणाले, "सार, तमिळमध्ये लिहा. हे मराठी रजिस्ट्रारला वाचता येणार नाही."

मी म्हटले, "त्यांनी वाचायचे नाही, शिक्का मारायचा आहे."

त्यांनी घड्याळ पाहिले. त्यांना कॉफीची वेळ झाली आहे.

१. माझ्या पहिल्या मरणाविषयी. ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरचा मुलगा धर्म सोडून गेला, तर तो मेला असे धरून जिवंतपणीच त्याचे क्रियाकर्म उरकत. दारात मातीचा घडा भरून ठेवायचा, घरच्या मोलकरणीने डाव्या पायाने तो लाथाडायचा, मग सगळ्यांनी अंघोळ करायची. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्या हातचे पाणी घ्यायचे नाही. माझा बाप्तिस्मा रविवारी झाला आणि मंगळवारी मी मेलो. घडा भरायचे काम माझा धाकटा भाऊ अप्पाजी याला दिले. तो बारा वर्षांचा होता. लाथ शेषम्माने मारली. पुढे ती मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "अय्या, घडा जाड होता. माझा अंगठा आठवडाभर सुजला होता." त्या घरात माझे सुतक फक्त त्या अंगठ्याने पाळले.

२. भीतीविषयी. पुढे मला पाण्याचे भय बसले. पेला तोंडापर्यंत आला की मी तो तसाच खाली ठेवायचो. वाटायचे, मेलेल्याला पाणी द्यायला कोणी तरी लागते, आणि माझे देणारे तर अंघोळ करून मोकळे झाले. चर्चमधले उपदेशियार सत्यनादन यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "तंबी, भय हे सैतानाचे. ते सोडून दे."

"कसे सोडू?"

"पुढच्या रविवारी सांगतो."

पुढच्या रविवारी प्रवचनाचा विषय दुसराच निघाला. मग मीच एक उपाय काढला. रोज सकाळी पेला हातात घ्यायचा, ख्रिस्ताचे नाव घ्यायचे आणि भीत भीतच प्यायचे. भय गेले नाही, तहान त्याच्याहून मोठी ठरली इतकेच. काही वर्षांनी ध्यानात आले की मी प्रार्थना न करताच पाणी पितो आहे. तेव्हा नव्याने घाबरलो. श्रद्धेच्या वाटेवर मी जो काही चाललो, तो असा.

३. मोहाविषयी. आई, वेंकूबाई, हिने वडिलांच्या पाठीमागे शेषम्माबरोबर निरोप धाडला होता. "ये परत. प्रायश्चित्त घे, पंचगव्य घे. नवा घडा भरू, अस्के, सगळे ठीक होईल." निरोपाबरोबर नारत्तंगाईच्या लोणच्याची बरणी होती. मी गेलो नाही. बरणी मात्र ठेवून घेतली. मोह अर्धाच टाळता आला, याची नोंद असावी. ती बरणी चांगल्या स्थितीत आहे. ती शेषम्माच्या नातीला द्यावी.

४. ग्रंथसंग्रह, पेटी आणि माझ्या कवितांच्या वह्या अप्पाजीची मुलगी सुप्रभा हिला द्याव्यात. बँकेत जे असेल तेही तिला. ती पापनाशमला शाळेत शिकवते. माझ्याशी बोलू नये हा नियम तिने आठव्या वर्षी मोडला. बसस्टँडवर माझ्यासमोर उभी राहून विचारले, "तुम्हीच ना आमचे मेलेले काका?"

मी म्हटले, "हो."

"मग बसचे तिकीट लागते का तुम्हाला?"

तेव्हापासून ती मला मेलेकाका म्हणते. लग्न झाले, केस पिकू लागले, तरी म्हणते. परवा सांगत होती, "मेलेकाका, तुमच्या वह्या घेऊन मी काय करू? मला ती मराठी अक्षरं वाचता येत नाहीत."

"चाल येते ना?"

"चाल येते."

तेवढे पुरे आहे.

५. माझी काठी. बायपासपलीकडे पत्र्याच्या मांडवात नवी ख्रिस्ती मंडळी भरते, मोठे मोठे कर्णे लावून. हल्ली सगळेच नवे आले आहे, रंगीत टीव्ही, परदेशी थंड पेये, तसा हा नवा आशीर्वादही. गुडघ्यांपायी मी एकदा गेलो. भीती वाटत होती म्हणून गेलो, हे लपवत नाही. तिथल्या ब्रदरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कर्ण्यातून विचारले, "घरात मूर्तिपूजा होती?"

"होती."

"पूर्वजांचा शाप आहे. एक मेलेला नातेवाईक तुमच्या अंगात बसला आहे. त्याला मी बाहेर काढतो."

मी म्हटले, "अय्या, तो मेलेला नातेवाईक मीच. मला बाहेर काढलेत तर आत कोण राहील?"

लोक हसले, ब्रदर रागावले. जाताना म्हणाले की पुढच्या महिन्यात मी काठी फेकून देईन. फेकलेली नाही. ती माझ्या पश्चात त्यांच्या मांडवाला द्यावी, म्हणजे त्यांचे भाकीत उशिरा का होईना खरे होईल.

६. खापरी. त्या मंगळवारी सगळे अंघोळीला आत गेल्यावर मी रस्ता ओलांडून घड्याचा एक तुकडा उचलला. माझी पत्नी पाक्यम हिच्या लग्नातल्या साखळीची मखमली डबी होती, तीत तो ठेवला आहे. वर्षातून एकदा, त्याच तिथीला, मी तो बाहेर काढत असे, पुसत असे आणि चांगला तासभर दुःखी होत असे. पाक्यम म्हणायची, "दुसऱ्या बायका नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा फोटो सहन करतात. मी खापरी सहन करते." एकदा तिने विचारले, "तुम्ही देवघर सोडून आलात म्हणता. मग हे काय आहे?" मी डबी मिटली. ती गेल्याला सहा वर्षे झाली, आणि उत्तर आता कुठे ठरले आहे. मी मूर्ती सोडल्या आणि खापरी पूजली. तिला तिथी होती, पुसणे होते, मखमलीचे मखर होते. नैवेद्य तेवढा नव्हता, तोही बहुधा मीच होतो.

डबी सुप्रभाला द्यावी. खापरी कुंडीच्या तळाशी घालावी, पाणी निथळायला बरी.

७. घर आणि आड. खंदकाजवळचे घर, मागची जागा, दोन नारळ आणि आड ही मिळकत सुप्रभाला देतो. आडाबाबत मात्र थांबलो आहे.

या आडाचे पाणी गोड आहे आणि भर उन्हाळ्यातही आटत नाही. कावेरीला पाणी नसल्याने यंदा गावात नळ एक दिवसाआड येतो, आणि राजवाड्यामागच्या गल्लीत तर येतच नाही असे ऐकतो. त्याच गल्लीत, आमच्या जुन्या घरात, अप्पाजी राहतो. ओरत्तनाडूच्या कचेरीतून निवृत्त झाला. पेन्शनच्या दिवशी आम्ही एकाच रांगेत उभे असतो. तो माझ्या आरपार पाहतो. मेलेल्याशी बोलायचे नाही हा नियम त्याने पंचावन्न वर्षे इतका चोख पाळला की आमच्या घरात धर्म खरोखर कोणी शिकला असेल तर त्यानेच.

१९८४ च्या मृत्युपत्रात मी आडाविषयी अभंगाच्या चालीत लिहिले होते:

न टेको काठाला, अप्पाजीचा घडा,
न लागो ओठाला, माझे पाणी.

अक्षरे मोजून पाहावीत. जन्मभर मुलांना कविता शिकवल्या, पण इतकी घट्ट ओळ मला दुसरी सुचली नाही. गेली बारा वर्षे मी ती फिरताना म्हणतो, आमच्या ख्रिस्ती देवळातही म्हणतो. सैतान शिंगे घेऊन येतो असे प्रवचनात सांगतात. माझ्याकडे तो यमक घेऊन आला.

ही ओळ ठेवली तर सुप्रभाला आपल्या बापाला पाणी पाजता येणार नाही. काढली तर माझ्याजवळ काय उरते? घर, नारळ, पेटी ही किरकोळ मिळकत. माझ्यावर अन्याय झाला, ही खरी इस्टेट. ती सांभाळण्यात आयुष्य गेले आहे. क्षमा करायची आणि मग उद्या सकाळी कशाचा विचार करत चालायचे, याची मला भीती वाटते. मरणाची वाटत नाही, ते पाहून झाले आहे.

वैद्यनाथ विचारतात, "सार, पुढे लिहिताय ना? की ओळ ठेवायची?"

"थांबा."

"दुसरा साक्षीदारही आलेला नाही."

खरे आहे. देवळाचे पंच येणार होते, ते कुंभकोणमला लग्नाला गेले आहेत असा निरोप आहे. वैद्यनाथ एकटेच साक्षीला आहेत, आणि कायद्याला दोन हवेत.

कडी वाजली. वैद्यनाथ दारापर्यंत जाऊन आले. "कोणी म्हातारे आहेत. हातात कुडम आहे. नाव सांगत नाहीत. नाक तुमचे आहे."

मी उठलो, काठीसकट. तिण्णैच्या, म्हणजे ओट्याच्या, खालच्या पायरीवर अप्पाजी उभा होता. हातात कुडम, पाण्याचा प्लास्टिकचा घडा, कैरीच्या रंगाचा. माझ्याकडे न पाहता वैद्यनाथांना म्हणाला, "यांना विचारा, आडाला पाणी आहे का."

मी वैद्यनाथांना म्हटले, "सांगा, आहे."

"घरी दोन दिवस थेंब नाही. सुनेला दिवस गेले आहेत, तिला पाठवता येत नाही. विचारा, दोन कुडम मिळतील का."

"सांगा, मिळतील. आणि त्यांना विचारा, आमच्या घरात मातीचे घडे असत, ते कुठे गेले?"

अप्पाजी वैद्यनाथांना म्हणाला, "मातीचा फुटतो. मी एकदा पाहिलंय."

मी काठी दुसऱ्या हातात घेतली. वैद्यनाथ मात्र गुमास्ते आहेत, माणूस दिसला की सही दिसते. ते म्हणाले, "अय्या, बसा. पाणी शेंदेपर्यंत एक साक्ष द्याल का? फक्त इतकंच म्हणायचं की यांनी तुमच्यासमोर सही केली. पण एक आहे, जो साक्षीदार होतो त्याला या कागदातून काही मिळत नाही."

"मला कागदातून काही नको. कुडम भरला की झालं."

तो तिण्णैवर बसला, चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला. या गावात जे थोडे लोक हे वाचू शकतात त्यांत तो एक, हे मी विसरलो होतो. त्याचे बोट सातव्या कलमावर थांबले. मी काठीला धरून उभा राहिलो. त्या दोन ओळींवरून त्याचे बोट अक्षर अक्षर सरकले. मग मान वर करून, पंचावन्न वर्षांत प्रथमच, माझ्याकडे पाहून बोलला.

"अण्णा, यमक चुकलंय."

"कुठे?"

"अभंगात दुसरा आणि तिसरा चरण जुळतो. 'घडा' आणि 'ओठाला' कसं जुळेल? बाबांनी कान धरला असता."

मी बोटांवर मोजले. त्याचे बरोबर होते. बारा वर्षे ज्या ओळीपायी मी माझा आत्मा पणाला लावला, ती सदोष निघाली. प्रार्थनेने जे झाले नव्हते ते लाजेने झाले. वैद्यनाथांना म्हटले, "ओळ रद्द. कारण लिहितो, यमक चुकले." माझ्या तारणकर्त्याने हे कारण चालवून घ्यावे अशी विनंती आहे. याहून चांगले माझ्याजवळ नाही.

मग मी आडावर जाऊन पोहरा सोडला. गुडघे दुखले. कुडम भरताना आधी एक जड आवाज झाला, मागून हलके पुष्कळ. अप्पाजीने काठावरच ओंजळ धरली. मी ओतले, तो प्यायला.

आडाबाबत आता काही लिहायचे उरले नाही. जे मृत्युपत्राने द्यायचे होते ते हातानेच देऊन झाले आहे.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दोघांच्या देखत सही केली असे.

गुरुराज देवसहायम्

साक्षीदार:

१. वैद्यनाथ, वकिलांचे गुमास्ते, तंजावूर. (कॉफी न पिता.)

२. अप्पाजी व्यंकटराव, राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर. वरील इसम माझे थोरले बंधू. यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीवर आणि जिवंत असताना सही केली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरा कुडम भरायचा आहे.

स्थळ: तंजावूर, तिण्णैवर
तारीख: २ मे १९९६